शून्य ते शून्य

माझी गाडी शून्यापासून शंभरावर किती सेकंदांत जाते, हे आमच्या सोसायटीतली झाडून सगळी पोरं विचारून गेली आहेत. शून्यावर ती किती काळ टिकून राहू शकते, हे मात्र कुणी विचारत नाही. त्या प्रकारात ती इटलीच्या काय, जर्मनीच्या काय, कुठल्याही गाडीला हार जाणार नाही.

गाडीचं नाव सांगत नाही. पुढे जे झालं त्यात ती बनवणाऱ्यांचा काडीचाही दोष नव्हता. दोष द्यायचाच तर रत्नागिरीच्या खाऱ्या हवेला द्यावा. तिथे खाडीकाठी राहणाऱ्या एका गृहस्थांनी ती हौसेने घेतली आणि हौस फिटेपर्यंत ठेवली. त्यांची फिटली तिथून माझी सुरू झाली. दोन सीटा, कापडी हूड, फायबरची बॉडी, रंग पिवळाधम्मक आणि उंची इतकीच, की सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या रिक्षाचा मीटर मला मान वर करून वाचावा लागतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने हिच्यात बसायचं म्हणजे आधी डावा पाय आत, मग बूड, मग डोकं आणि शेवटी उजवा गुडघा दोन्ही हातांनी उचलून. उतरताना हाच क्रम उलटा, शिवाय हात द्यायला कुणीतरी. बायको एकदाच बसली. "अहो, खालून रस्ता लागतोय," एवढंच म्हणाली आणि पुढच्या चौकात उतरून बसने घरी गेली.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. ही गोष्ट सोसायटीत कुणाला कळायला नको होती.

त्या रविवारी हूड उघडा टाकून, गॉगल चढवून, पार्किंगमधली दोन-चार माणसं आपल्याकडे बघताहेत याची खात्री करून घेऊन मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. दिवे लख्ख लागत होते, वायपर हलत होते, रेडिओवर कुणीतरी आरोग्यविषयक सल्ला देत होतं. फक्त गाडी चालू होत नव्हती.

आता बघणारे जवळ आले. मी गॉगल काढला आणि त्यांना 'टक्' म्हणजे काय ते समजावून सांगितलं. किल्ली फिरवली की आधी सोलेनॉइडमध्ये थोडासा करंट जातो, आतला लोखंडी दांडा ओढला जातो, त्याचा तो आवाज. हा दांडा पुढे एक जाड संपर्क जोडतो, मग सेल्फची मोटर शंभरावर अँपिअर खेचते आणि इंजिनाला फिरवते. दिव्यांना लागतात जेमतेम पाच-दहा अँपिअर, त्यामुळे दिवे लागले म्हणून सेल्फ फिरेल असं नाही. थोडक्यात, टक् वाजलं म्हणजे निरोप पोचला, पण कामाला कुणी उठलं नाही. बोलण्याच्या भरात मी १९१२च्या कॅडिलॅकपर्यंत गेलो. विजेचा सेल्फ त्या गाडीत आला, तो चार्ल्स केटरिंगच्या डोक्यातून; त्याआधी पुढून हँडल मारावं लागे आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट जाई.

तळमजल्यावरच्या काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ते ठीक आहे," ते म्हणाले. "बॅटरी बदला."

बंद पडलेल्या गाडीला बॅटरी बदलायचा सल्ला देणं हे आपल्याकडे कर्तव्य मानलं जातं. बंद ट्रकला, बंद रिक्षाला, आणि मला वाटतं, बंद पडलेल्या बैलगाडीलाही देतील. मी मल्टिमीटर आणून लावला. १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी काठोकाठ भरलेली. "मीटर काय, काहीही दाखवतो," वॉचमनमामा म्हणाले. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, व्होल्टेज दाखवते, पण लोडवर बसते." यातली चीड आणणारी गोष्ट अशी, की हे खरंच होऊ शकतं. मी वर्गात हेच शिकवतो. अंतर्गत रोध, मार्क तीन. तेव्हा त्याच्याशी वाद न घालता नवी बॅटरी घेतली. बसवली. किल्ली फिरवली.

टक्. जरा अधिक खणखणीत.

मग सेल्फवाला आला. त्याने गाडीखाली हात घालून सेल्फच्या डोक्यावर हातोडी ठोकली. हा अडाणीपणा नव्हे बरं का. झिजलेले कार्बन अडकले असतील तर ठोकल्याने सुटतात आणि एखाद्या वेळेला काम भागतं. आमचं भागलं नाही. त्याने सेल्फ उतरवला, फरशीवर ठेवला, पायाखाली दाबला आणि जंपर केबलने सरळ बॅटरीला जोडला. असा भन्नाट फिरला, की पायाखालून उडी मारून माझ्या चपलेवर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, कार्बन गेलेत," सेल्फवाला म्हणाला. जो आत्ता फिरला त्याचे कार्बन गेले कसे, हा प्रश्न मला पडला, पण तोवर जुने कार्बन त्याच्या खिशात आणि नवे सेल्फमध्ये गेले होते. सेल्फ गाडीत चढवला. टक्.

मला आता एक शंका यायला लागली होती. बॅटरीवाल्याला बॅटरी दिसते, सेल्फवाल्याला सेल्फ, आणि मला तक्ता. मी रात्री बसून एक वर्तुळं-बाणांचा तक्ता काढला. फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच, सोलेनॉइड. बॅटरीच्या धन टोकापासून निघून सेल्फपर्यंत एकेक ठिकाणी व्होल्टेज मोजत गेलो. सगळीकडे भरपूर. तक्ता इतका सुबक झाला, की बायकोने फ्रिजवर लावू का म्हणून विचारलं. गाडीचं काही झालं का, हे तिने विचारलं नाही.

मध्यंतरी धक्का स्टार्टचाही प्रयोग झाला. दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबायचा, गाडीने वेग घेतला की क्लच झपकन सोडायचा. पण फायबरच्या गाडीला धक्का मारायचा कुठून? मागच्या झाकणावर तळवा टेकवला की ते आत जातं आणि तडा जायची भीती. "इथे नको, तिथे नको, खांबाला धरा, नाही, आरशाला नको!" असं मी आतून ओरडत होतो. शेवटी धरायला जागा उरली दोघांपुरती, आणि ती दोघं होती वॉचमनमामा आणि काका. काकांची अँजिओप्लास्टी झालेली. त्यांनीच आग्रह धरला. गाडी चालू झाली! मी ऐटीत हात हलवत कर्वे पुतळ्यापर्यंत गेलो, तिथे सिग्नलला इंजिन बंद पडलं, आणि पुढचा धक्का पूर्ण अनोळखी माणसांनी दिला. त्यातल्या प्रत्येकाने जाता जाता बॅटरीचं सांगितलं.

नाना पेठेतून एक वायरिंगवाले चाचा आले ते कुणाच्या तरी ओळखीने. जुन्या स्कूटरवर, पिशवीत एक टेस्ट लॅम्प, पक्कड आणि जंपर केबल. मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो आदराने घेतला, घडी घातली आणि डबा ठेवायला खाली अंथरला. "सर, किल्ली मारा. मारत रहा." टक्, टक्, टक्. चाचा बॉनेटखाली वाकून कशाला तरी बोट लावत होते. "आता इथे हात लावा."

अ‍ॅक्सिलरेटरची केबल होती. चटका बसला.

"पेट्रोलच्या तारेत करंट कशाला आला, सर?"

हा प्रश्न मी परीक्षेत घातला असता तर पेपरफुटीपेक्षा मोठा गोंधळ झाला असता. करंट बॅटरीतून निघतो तसा त्याला परतही यावं लागतं. सेल्फमधून तो इंजिनाच्या लोखंडात उतरतो आणि इंजिनापासून चासीला जोडलेल्या अर्थिंगच्या जाड पट्टीतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जातो. ती पट्टी निकामी झाली की त्याला दुसरी वाट लागते. आमच्या करंटला अ‍ॅक्सिलरेटरची बारीक केबल सापडली होती, आणि शंभर अँपिअरची वरात त्या बोळातून जायला बघत होती. मी मल्टिमीटरची एक पिन इंजिनावर टेकवली, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर. सेल्फ मारताना इथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. आले दहाच्या आसपास. फरशीवर सेल्फ का नाचला होता, तेही उलगडलं. तिथे जंपर केबल जाताना होती तशी येतानाही होती.

चाचांनी मीटरकडे बघितलंच नाही. जंपर केबलचं एक टोक ऋण टर्मिनलला, दुसरं इंजिनाच्या बोल्टला लावलं. "मारा." पहिल्याच फटक्यात गाडी गुरगुरली.

पट्टी सोडवून त्यांनी माझ्या हातात दिली. वरून तांब्याची वीण, जरा काळवंडलेली. थिंबलपाशी वाकवली तर आतून हिरवा भुगा पडला, आणि उरलेल्या धाग्यांपैकी दोन-तीनच सलग होते. पॉलिश पेपरने बोल्टची जागा घासताना चाचा म्हणाले, पत्र्याच्या गाडीत हे कमी होतं, पत्राच ऋण तारेचं काम करतो. फायबरमध्ये प्रत्येक दिव्याची, हॉर्नची, काट्याची परतीची काळी तार वेगळी. मला राहवेना. मी त्यांना सांगितलं, की १९५३ साली निघालेल्या पहिल्या ३०० कॉर्व्हेट गाड्याही फायबरच्याच होत्या, आणि फायबर रेडिओच्या लहरी अडवत नाही म्हणून एरियल डिकीच्या झाकणातच दडवली होती. "हो का," चाचा म्हणाले. "तेराचा पाना द्या."

त्यांनी जाता जाता गाडीच्या सगळ्या काळ्या तारा घासून, नवीन थिंबल ठोकून पक्क्या केल्या. हॉर्न वाजायला लागला. डावा इंडिकेटर दिला की दोन्ही लागायचे, ते थांबलं. मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली, की नव्या बॅटरीची पावती मी खिशात खोल सारली.

संध्याकाळी हूड उघडा टाकून निघालो, ते थेट चांदणी चौकाच्या पुढे. गाडी सुसाट. एकच गोष्ट खटकली. पेट्रोलचा काटा मी घेतल्यापासून कायम अर्ध्यावर असायचा, तो आज एकदम तळाला. टाकीचंही अर्थिंग चाचांनी केलं होतं हे माझ्या लक्षात यायला आणि इंजिनाने दोन आचके द्यायला एकच गाठ पडली. गाडी कडेला घेतली, गुडघा उचलून बाहेर आलो आणि रिकामी बाटली घेऊन पंप गाठला.

"बाटलीत देत नाही, काका," पोरगा म्हणाला. "गाडी घेऊन या."