हाली, कलदार आणि एक चुकलेली बेरीज

अंबडला राहून इंग्रजांच्या काळातल्या नोटा जमवायच्या म्हणजे पहिली अडचण अशी, की इंग्रजांचा राजा आमच्याकडे फारसा फिरकलाच नाही. पुण्या-मुंबईकडच्या माळ्यांवरून पंचम जॉर्ज निघतात, सहावे जॉर्ज निघतात. नशीब जोरावर असेल तर एखाद्याला व्हिक्टोरिया राणीही पावते. आमच्याकडच्या संदुकीतून निघते ती निजामाची नोट. आम्ही पडलो मोगलाईतले. देवी मत्स्योदरीची, बारव अहिल्याबाईंची आणि खिशातला पैसा निजामाचा, असं आमचं गाव.

निजामाच्या संस्थानाचा रुपया हाली आणि इंग्रजांचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. ऐकायला सोपं वाटतं, पण शंभर कलदार घ्यायचे तर मोजायचे ११६ रुपये, १० आणे, ८ पै. त्यातच पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला आणि इंग्रज सरकारनं जानेवारी १९१८ मध्ये चक्क अडीच रुपयांची नोट काढली. ही नोट कुणी आमच्या बाजूला आणलीच असेल, तर तिचे हाली होणार २ रुपये, १४ आणे, ८ पै. जालन्याच्या मोंढ्यातल्या मुनीमांची बोटं कायम कानावरच्या टाकाकडे का जात असतील, ते मला आता कळतं. जालन्याहून रेल्वेत बसून मनमाडला उतरलं की इंग्रजी मुलूख लागायचा आणि खिशातले सात रुपये फलाटावर सहा व्हायचे. ती अडीचची नोट पुढे १९२६ मध्ये बंद झाली. आज ती पाहायची तर लिलावाच्या कॅटलॉगात पाहावी आणि पान उलटावं.

चांदीच्या त्याच टंचाईनं निजाम सरकारलाही कागदाकडे वळवलं. १९१८ मध्ये कायदा झाला आणि दहाच्या व शंभराच्या हाली नोटा निघाल्या, पुढल्या वर्षी एकाच्या आणि पाचाच्या, १९२६ मध्ये हजाराच्या. आधी त्या लंडनला वॉटरलो कंपनीत छापून येत, नंतर नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. म्हणजे निजामाचा पैसा इंग्रजांच्या मुलखात छापून मोगलाईत यायचा. नोटेवर उर्दूचा थाट मोठा, पण मराठी, तेलुगू आणि कानडीलाही जागा होती. साल फसली सनाचं. राजाचं चित्र मात्र नाही. निजाम उस्मान अली खानांना १९३७ मध्ये ‘टाइम’नं जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं, स्वतःच्या नोटेवर त्यांनी स्वतःला छापलं नाही. त्यांच्या काटकसरीच्या गोष्टी ऐकलेल्या असल्यामुळे मला आपलं वाटतं, शाई वाचवली असावी.

संग्राहकाचं खरं वेड सह्यांचं. नोट तीच, रंग तोच, पण सही बदलली की फाइलीत नवा कप्पा. हाली नोटांवर एक सही गुलाम मुहम्मद यांची आहे, एक जाहिद हुसेन यांची. दोघे संस्थानाचं अर्थखातं सांभाळणारे. फाळणीनंतर पहिले पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, दुसरे स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचे पहिले गव्हर्नर. आणि तिकडे कलदार नोटेवर, सहाव्या जॉर्ज बादशहाच्या शेजारी सही कुणाची? महाडजवळच्या नाते गावच्या चिंतामणराव देशमुखांची. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आमच्या नोटेवर सही करणारे कराचीला गेले आणि बादशहाच्या नोटेची हमी कोकणातल्या देशमुखांनी घेतली. इतिहासाच्या पुस्तकात हे इतकं शेजारी-शेजारी कुठे सापडत नाही. माझ्या फाइलीत मात्र एकाच पानावर बसलेत.

१९४७ च्या अखेरीस भारताशी झालेल्या जैसे थे कराराची शाई वाळते न वाळते तोच संस्थानानं कलदाराला आपल्या हद्दीत बंदी केली. पुढच्या सप्टेंबरात संस्थानच गेलं. हाली मात्र लगेच गेली नाही. काही वर्षं ती आणि भारतीय रुपया एकाच गल्ल्यात नांदले.

आता बाजाराबद्दल. नोटांच्या बाजारात सर्वांत जास्त भाव कुणाला, तर जिनं आयुष्यात काहीच केलं नाही तिला. घडी नाही, डाग नाही, कुणाच्या कनवटीला लागली नाही, अशी कोरी करकरीत ‘अनसर्क्युलेटेड’ नोट म्हणजे बाजारातली महाराणी. जिनं आठवडी बाजार केला, बैलजोडी मिळवून दिली, दवाखान्यात जाऊन आली, तिची किंमत दर घडीला उतरते. मी नोकरीभर बँकेत कॅश काउंटरवर बसलो. लग्नसराईत लोक काचेतून डोकं घालून म्हणायचे, “साहेब, आहेराला कोऱ्या द्या ना.” मळकी नोट कुणालाच नको असे. ती मळते कशानं, तर ती सगळ्यांना हवी असते म्हणून.

माझ्याकडे पाचाची एक हाली नोट आहे. मधली घडी इतकी विरलेली की उजेडात धरली तर पलीकडचा दिवा दिसतो. डाव्या अंगाला टाचणीची भोकं, कोपऱ्यात तेलाचा डाग आणि पाठीवर कुणीतरी जांभळ्या शाईनं केलेली बेरीज: तीन रकमा, खाली रेघ, खाली उत्तर. सवयीनं मी ती पडताळली. चार आण्यांचा घोळ आहे. कुणाच्या लाभात गेला ते कळायला मार्ग नाही. एका प्रदर्शनात एका व्यापाऱ्यानं ती भिंगाखाली धरली आणि म्हणाला, “काका, पाठीवर लिहिलंय. हिला काही येणार नाही.” मी ती लगेच परत घेतली. त्या बेरजेसाठीच तर मी ती घेतली होती.

पाठीवरची बेरीज तर काहीच नाही, त्या काळचे इंग्रजी मुलखातले व्यापारी आणखी पुढचे. टपालात चोरी होऊ नये म्हणून ते नोट सरळ मधोमध कापत. एक अर्धी आज पाठवायची, ती पोचल्याची खबर आली की दुसरी. पलीकडचा दोन्ही चिकटवून वटवून घेई. आजच्या ओटीपीचा हा आजोबा. एकट्या राहिलेल्या अर्ध्या नोटाही लोक जमवतात. दुसरी अर्धी का आली नसेल, हा विचार मला झोप लागू देत नाही.

आमच्या हिचं म्हणणं साधं आहे: “अहो, जी चालत नाही त्या नोटेसाठी चालणाऱ्या नोटा का देता?” याला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी चहा मागतो.

गल्लीतले लोक मोबाइलवर व्हिडिओ बघून येतात: “सर, ७८६ नंबरची आहे. पाच लाख येतात म्हणे.” त्यांना मी सांगतो, ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर सूचना काढलेली आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेच्या नावानं कुणी फी किंवा कमिशन मागत असेल तर भुलू नका. तेव्हा पाच लाख मिळण्याआधी कुणी पाचशे मागितले, की फोन ठेवून द्या.

आणि खरंच घरच्या संदुकीत हाली नोट सापडली, तर तिला इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका आणि देवाशप्पथ, लॅमिनेशन करू नका. पाठीवर बेरीज असेल तर ती खोडू नका. अंबडला आलात तर घेऊन या; मी पडताळून देतो.