दोन्हींना बाहेर काढा!

मा. खासदार महोदय,
ब्रिटिश संसद, कनिष्ठ सभागृह, मागचा बाक



तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. इंग्लंडच्या पूर्वेला लिंकनशर, केंब्रिजशर, नॉरफोक या भागांत फेन्स नावाचा जो सखल मुलूख आहे, तिथून तुमच्यासारखे बरेच निवडून आले, पुढेही येतील. सगळ्यांना मिळून एकच पत्र धाडलं म्हणजे टपालखर्च वाचतो. मंत्रिपद नाही, मिळण्याची चिन्हं नाहीत, तरी तुम्ही दोन विषयांचा पिच्छा सोडत नाही: बाहेरून येणारे लोक आणि साचून राहणारं पाणी. दोन्हींबाबत तुमची मागणी एकच, बाहेर काढा. आमच्या मुंबईत हे विषय ऋतूंप्रमाणे वाटून दिलेले आहेत. पावसाळ्याआधी नालेसफाई आणि निवडणुकीआधी परप्रांतीय. तुम्ही दोन्ही बारमाही चालवता, याचं कौतुक केलंच पाहिजे.

तुमचं पाण्यावरचं भाषण मला मनापासून पटतं. तुमच्या मतदारसंघाची जमीन म्हणजे उपशावर जगणारी जमीन. 1851 च्या सुमारास व्हिटलसी सरोवर आटवलं, तेव्हा शेजारच्या होम फेनमध्ये एक लोखंडी खांब पार माथ्यापर्यंत गाडला होता. आज तो सुमारे चार मीटर उघडा पडला आहे. खांब जागचा हललेला नाही. पाणी काढल्यावर कुजलेल्या वनस्पतींची ती काळी माती सुकली, आकसली आणि जमीनच खाली बसली. जमीन जितकी खाली, तितकं पाणी वर चढवायचं. म्हणून आधी पवनचक्क्या आल्या, मग वाफेची इंजिनं, मग डिझेल, आता विजेचे पंप. हे पंप आणि चर सांभाळायला स्थानिक जलनिस्सारण मंडळं आहेत, इंग्लंडभर शंभराहून अधिक. त्यांचा खर्च शेतजमिनीवरच्या पट्टीतून आणि नगरपालिकांवर बसवलेल्या आकारातून भागतो. लिंकनशरमधल्या बॉस्टनसारख्या गावात लोक घरपट्टी भरतात, तिच्यातल्या नगरपालिकेच्या वाट्याचा मोठा हिस्सा या पंपांकडे वाहतो. 2022 मध्ये विजेचे दर भडकले तेव्हा हा आकारही फुगला. वर सरकारी पूरनिधीची तऱ्हा अशी, की 2011 च्या निकषांत किती घरं वाचणार याला वजन जास्त होतं, शेताला कमी. मग तुम्ही उभे राहता आणि रास्त सवाल करता: देशाच्या भाजीची टोपली बुडू देणार का? इंग्लंडच्या ताज्या भाजीचा सुमारे तिसरा हिस्सा फेन्समधून येतो, असं तिथल्या शेतकरी संघटना सांगतात. तुमचा सगळा दावा या टोपलीवर उभा आहे, आणि तो खरा आहे.

फक्त टोपली भरतं कोण, हे त्या भाषणात येत नाही. ते तुमच्या दुसऱ्या भाषणात येतं आणि तिथे ते संकट असतं. गहू, बटाटा, बीट ही पिकं यंत्र काढतं. फ्लॉवरचा गड्डा मात्र तयार झाला की नाही, हे वाकून, पानं बाजूला करून बघावं लागतं, मग सुरी चालते. डॅफोडिलचं फूल तर कळी मिटलेली असतानाच खुडायचं, कडाक्याच्या थंडीत, हातात रबरी मोजे घालून, कारण दांड्यातल्या चिकाने कातडी फुटते. दांडे मोजून जुडी बांधायची, रबर लावायचं आणि पुढच्या सरीत वाकायचं. ही कामं आधी पोलंड, लिथुआनिया, रुमानियाच्या माणसांनी केली. बॉस्टनने 2016 मध्ये 75.6 टक्के मतांनी, म्हणजे देशात सर्वाधिक, युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. त्यानंतर 2019 मध्ये तुमच्याच सरकारने अडीच हजार हंगामी मजुरांचा परवाना 'प्रायोगिक' म्हणून काढला. 2023 पर्यंत तो प्रयोग 45 हजारांवर पोचला. आता माणसं किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तानातून येतात, सहा महिने राबतात आणि परत जातात. म्हणजे परके गेले नाहीत, फक्त आणखी लांबून येऊ लागले. पाण्याच्या भाषणात तुम्ही टोपली वाचवायला पैसे मागता आणि दुसऱ्या भाषणात ती भरणारे हात परत पाठवता. दोन्ही भाषणं मान्य झाली, तर सरकारी खर्चाने कोरड्या ठेवलेल्या रानात फ्लॉवर उभ्या उभ्या फुलून जाईल.

यावर तुम्ही म्हणाल, मजुरी वाढवा, आपली माणसं येतील. मुद्दा रास्त आहे आणि आपली माणसं रानात आणण्याचा एक प्रयोगही झाला. 2020 मध्ये साथीमुळे बाहेरचे मजूर अडकले, तेव्हा 'पिक फॉर ब्रिटन' नावाची मोहीम निघाली, खुद्द युवराज चार्ल्स यांनी आवाहन केलं. पुढच्याच वर्षी ती गुंडाळली. मजुरी वाढावी हे मलाही मान्य आहे, पण फ्लॉवरचा भाव शेतकरी ठरवत नाही, सुपरमार्केट ठरवतं. त्यांच्या खरेदीभावाविरुद्ध तुम्ही तितक्याच जोराने बोललात तर तुमचा मुद्दा दुप्पट वजनाचा होईल. दुसरा आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. 2004 नंतर बॉस्टनची वस्ती झपाट्याने वाढली, एकेका घरात माणसं कोंबली गेली, डॉक्टरांकडे रांगा लागल्या. लोक चिडले ते उगाच नाही. पण घरात माणसं कोंबून भाडं घेणारा मालक स्थानिकच असतो, आणि दवाखाना वाढवायचा की नाही हे ताजिकिस्तानात ठरत नाही.

'आमचा पिढीजात मुलूख' हे तुमचं लाडकं पालुपद. तो मुलूख कोरडा करण्याची योजना आखणारा माणूस डच होता, कोर्नेलियस फेरमायडेन. 1626 मध्ये पहिल्या चार्ल्सने त्याला उत्तरेकडच्या हॅटफील्ड चेसचं काम दिलं. तिथे सँडटॉफ्टला वसलेल्या फ्रेंच आणि वालून प्रॉटेस्टंटांच्या वस्तीवर गावकऱ्यांनी हल्ले केले. पुढे फेन्समध्ये मोठे कालवे खणताना डनबारच्या लढाईत धरलेले स्कॉटिश कैदी आणि नंतर डच युद्धकैदी राबवले गेले. त्या गावकऱ्यांची बाजूही खोटी नव्हती. त्यांची मासेमारी, बदकं, बोरू गेले आणि जमीन पैसेवाल्यांनी वाटून घेतली. तरी एवढं खरं, की तुमच्या मतदारसंघाची पहिली हद्द परक्यांच्या फावड्याने आखली.

'मागच्या बाकावरचा माणूस करणार तरी काय?' ही सबब तर देऊच नका. 2004 च्या फेब्रुवारीत मोरकॅम बे इथे भरतीत सापडून किमान 21 चिनी मजूर शिंपले गोळा करताना बुडाले. जिम शेरिडन नावाच्या मागच्या बाकावरच्या सदस्याचं विधेयक होतं. त्यातूनच त्या जुलैत मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. मागच्या बाकावरच्याच डेव्हिड वॉरबर्टन यांचं जलनिस्सारण मंडळांचं विधेयक 2019 मध्ये कनिष्ठ सभागृहात पार पडून लॉर्डांकडे अडकलं, पण जमिनीचं मूल्य कसं ठरवावं हा त्यातला भाग 2021 च्या पर्यावरण कायद्यात गेलाच. ज्या कामांवर चार माणसंही सभागृहात बसत नाहीत, तिथे तुमचा हात पोचतो. जिथे सगळं सभागृह भरतं, तिथे तुमची भाषणं वर्तमानपत्रापलीकडे जात नाहीत.

तेव्हा एक विनंती. येत्या आठवड्यात लेखी प्रश्न टाकाल तेव्हा एकाच प्रश्नात दोन खात्यांना बांधा: फेन्समधला एक हेक्टर कोरडा ठेवायला किती खर्च येतो, आणि त्याच हेक्टरवरचं पीक काढायला किती परवाने लागतात? गृहखातं म्हणेल हा शेतीचा प्रश्न, शेतीखातं म्हणेल हा गृहखात्याचा. तोपर्यंत पंपाच्या तोंडाशी लावलेल्या लोखंडी जाळीतली शेवाळ आणि बाटल्या कोण काढतो, एवढं पाहून ठेवा.

कळावे,
आपला,
लांबचा एक करदाता
(तुमच्याकडे कर भरत नाही, म्हणूनच इतकं मोकळेपणाने लिहितो)