नांदेल का?

आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी वॉचमनला विचारलं, "मासे कुठे मिळतात हो इथे?" वॉचमनने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "बी विंग, तिसरा मजला. मासेवाले काका." रविवारी सकाळी बाई कापडी पिशवी घेऊन दारात हजर. "सुरमई कशी दिली?"

मासेवाले काका म्हणजे आमचे अण्णा. त्यांनी बाईंना आत घेतलं, टाकीसमोर खुर्ची मांडून बसवलं आणि पाऊण तास एकेका माशाची ओळख करून दिली. बाई सुरमईशिवायच परतल्या. पण हातात गप्पी माशांची पिशवी होती, तोंडाला रबर लावलेली. त्या दिवशी त्यांच्याकडे पिठलं-भात झाला असं नंतर कळलं.

असे अण्णा पिंपरी-चिंचवडमध्ये निगडीपासून मोशी-चिखलीपर्यंत बहुतेक सोसायट्यांत एक तरी असतात. हॉलमधून निळसर उजेड दिसला, पाण्याची बारीक गुरगुर ऐकू आली आणि यजमानांनी "बसा" म्हणायच्या आधी "काचेवर टिचक्या मारू नका" म्हटलं, की ओळखावं. आता दीड तास गेला.

आमचे अण्णा मूळचे सांगलीकडचे. आयटीआय करून ऐंशीच्या दशकात भोसरीला आले आणि चाकणच्या एका कारखान्यातून क्वालिटीचे साहेब म्हणून निवृत्त झाले. गाड्यांचे सुटे भाग नापास करण्यात उभा जन्म गेला. हाताखाली चाळीस माणसं होती. त्या चाळिसांना रोज सकाळी ओळीत उभं करून जे सांगितलं जायचं, ते आता माशांना सांगितलं जातं. मासेही तितकंच ऐकतात.

टाकी तीन फुटी आहे. 36 बाय 15 बाय 18 इंच, म्हणजे जवळजवळ 160 लिटर. काकूंचा, म्हणजे स्वतःच्या बायकोचा, वाढदिवस विसरतील, पण हा आकडा नाही. आत मजले पाडलेले आहेत. वरच्या मजल्यावर आठ झेब्रा, मधल्यावर बारा निऑन टेट्रा आणि मोत्यासारख्या ठिपक्यांच्या गुरामीची एक जोडी, तळमजल्यावर सहा कोरी, ते दिवसभर रेती हुंगत फिरतात. "कोणी कोणाच्या मजल्यावर विनाकारण जात नाही," अण्णा कौतुकाने सांगतात, आणि सांगताना त्यांची नजर छताकडे जाते. वरच्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला खलबत्ता कुटला जातो.

अख्ख्या परिसराचे फोन त्यांनाच येतात. "अण्णा, एंजलबरोबर निऑन चालतील का?"

"चालेल का विचारू नकोस. चालतं काहीही. चार दिवस चालतं. नांदेल का, ते विचार."

मग स्थळाची चौकशी करावी तशी चौकशी सुरू होते. टाकी किती फुटी? पाणी पवनेचं की बोअरचं? घरात आधी कोण कोण आहे? आणि सगळ्यात मोठ्याचं तोंड केवढं आहे? हा शेवटचा प्रश्न लोकांना थट्टा वाटतो, पण अण्णांचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. दुकानात एंजल रुपयाएवढा असतो. वर्षभरात तो तळहाताएवढा होतो आणि निऑन बिचारा दीड इंचावरच थांबलेला असतो. मग एका सकाळी मोजायला गेलं की बारापैकी अकरा. "ज्याच्या तोंडात जो मावतो तो त्याचा शेजारी नसतो, नाश्ता असतो." कोणीतरी शहाणपणाने म्हणालंच, की अहो ॲमेझॉनच्या पाण्यात दोघं एकत्र राहतात. अण्णा म्हणाले, "वाघ आणि हरीणपण एकाच जंगलात राहतात."

पाण्याचंही तसंच. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड. त्यात गप्पी आणि मोली माहेरी आल्यासारखे राहतात. निऑनला मऊ पाणी लागतं, तो तोंड पाडून कोपऱ्यात बसतो. म्हणून अण्णांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टीडीएस मीटर असतो. एका लग्नात त्यांनी तो पंगतीतल्या पाण्याच्या ग्लासात घातला होता. आकडा वाचून "मोली राहील" एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायले.

त्यांच्याबरोबर दुकानात जायचं असेल तर घरी जेवायला वाट बघू नका म्हणून सांगून निघावं. मी एकदा पिंपरीत गेलो होतो. अण्णा आधी मासे बघतच नाहीत. टाकीचा तळ बघतात, कोणी मरून पडलंय का. मग वाकून, चष्मा कपाळावर चढवून, एकेका माशाचे पर बघतात: उघडलेत की अंगाला चिकटवून धरलेत? अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके? श्वास भराभर? मग पोऱ्याला हुकूम: "खायला टाक. खाणारा मासा दाखव." पोऱ्याने चिमूटभर खाद्य टाकलं. सगळे धावले, एक जण धावला नाही. "लॉट रिजेक्ट," अण्णा म्हणाले आणि पुढच्या टाकीकडे सरकले. पोऱ्या म्हणाला, "साहेब, तो एक सोडून बाकीचे घ्या ना, जोडी लावून देतो." "जोडी कशाला? लग्न लावायचंय? हा कळपाचा जीव आहे, सहाच्या खाली ठेवला तर भीतीने झिजतो." दोन तासांनी आम्ही जाळीचा एक छोटा तुकडा घेऊन बाहेर पडलो. दुकानदाराने हात जोडले होते. निरोपाचे की सुटकेचे, ते कळलं नाही.

मासे घेतलेच, तर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, तापमान जुळेपर्यंत. तेही मोठ्या टाकीत नाही. आधी गॅलरीतल्या दीड फुटी टाकीत दोन आठवडे एकांतवास. काकूंचं म्हणणं, "कोविडमध्ये मला सातव्या दिवशी स्वयंपाकघरात घेतलं होतं."

शहराला 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे. त्याचा त्रास कोणाला झाला असेल तर काकूंना. दर आठवड्याला टाकीतलं पाव पाणी बदलायचं, म्हणजे चाळीस लिटर. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून ते आधी रात्रंदिवस उघडं ठेवायचं. त्यामुळे बाथरूममधल्या तीन बादल्यांवर मार्करने 'मासे' लिहिलंय. पाव्हणा टॉवेल गुंडाळून आत जातो आणि तसाच बाहेर येतो. जुनं पाणी मात्र वाया जात नाही. ते खालच्या तुळशीला जातं, आणि माशांच्या खतावर ती तुळस छातीएवढी झालीय. एकादशीला सगळी सोसायटी तिथूनच मंजिऱ्या नेते. अण्णा हे कोणाला सांगत नाहीत, आणि मीही इथे लिहायला नको होतं.

गुरुवार हा अण्णांचा कसोटीचा वार. आपल्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, आणि दुरुस्तीसाठी वीज जाते तीही गुरुवारचीच. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाण्यातली हवा कमी. बॅटरीवरचा पंप आहे, पण त्याची बॅटरी काकूंच्या भजनाच्या रेडिओत सापडते. एका गुरुवारी मी सहज डोकावलो तर अण्णांनी माझ्या हातात तांब्या दिला. "वरून धार धर. बारीक. खंड पडू देऊ नकोस." टाकीतलं पाणी घ्यायचं आणि हातभर उंचीवरून पुन्हा टाकीतच सोडायचं. मी पाऊण तास अभिषेक केला. निऑन माझ्या धारेखाली येऊन उभे राहत होते आणि अण्णा सोफ्यावर बसून, पुरोहिताने यजमानाकडे बघावं तसे बघत होते. सुट्टीच्या दिवशी मला दुसरं काम नसतं हे खरं, पण म्हणून काय?

त्यांना राग दोनच गोष्टींचा येतो. एक, गोल काचेचं भांडं. ए विंगमधल्या एकाला वास्तूवाल्याने सांगितलं, ईशान्येला नऊ गोल्डफिश ठेवा, आठ सोनेरी, एक काळा. त्याने ते बरणीएवढ्या भांड्यात ठेवले. गोल्डफिश हा थंड पाण्याचा, हातभर टाकीत वितीएवढा होणारा आणि घाण भरपूर करणारा मासा. आठवड्यात काळा तेवढा उरला. अण्णा भेटायला गेले, सांत्वन केलं आणि निघताना म्हणाले, "हे भांडं चांगलंय. लिंबाचं लोणचं घाला."

दुसरा राग सकर नदीत सोडणाऱ्यांचा. "काच साफ करतो" म्हणून बोटाएवढा सकर आणायचा, तो फूटभर झाला की पुण्य म्हणून पवनेत सोडायचा. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनीत जाते. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात हे परदेशी काटेरी धूड सापडतं, जाळी फाटतात, आणि खायला कोणी घेत नाही. अण्णा हे इतक्या तळमळीने सांगतात, की ऐकणारा आपल्याच खिशात सकर असल्यासारखा ओशाळतो.

मासे खाता का, असं त्यांना हमखास विचारलं जातं. खातात. बुधवारी बोंबील असतात. फक्त टाकीकडे पाठ करून बसतात.

एक इच्छा मात्र राहून गेलीय. दुकानवाले ज्याला 'मिस केरळ' म्हणतात तो डेनिसन बार्ब: चंदेरी अंग, नाकापासून निघालेला लाल पट्टा, त्याखाली काळा. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या घाटातल्या वाहत्या पाण्यातला. नैसर्गिक अधिवासात तो संकटात आहे. 2013 साली चार शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी नवा वंश केला आणि त्याचं नाव ठेवलं सह्याद्रिया. त्या चौघांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. हे कळल्यापासून अण्णांसाठी तो मासा राहिला नाही, गाववाला झाला. "निऑनला निगडी काय माहीत? हा आपल्या डोंगरातला." पण तो वितीएवढा होतो, कळपात राहतो, गार आणि खळाळतं पाणी मागतो. त्याला तीन फूट पुरत नाहीत, चार लागतात. चार फुटी टाकी बसेल अशी जागा घरात एकच आहे आणि तिथे काकूंचं शिलाई मशीन आहे. हा विषय गेली दोन वर्षं घरात निघालेला नाही.

आता मूळ गोष्ट. मागच्या वर्षी अण्णा गावच्या जत्रेला गेले असताना मुलाने बाबांना सरप्राइज म्हणून टायगर बार्बची जोडी आणली आणि थेट मोठ्या टाकीत सोडली. एकांतवास नाही, चौकशी नाही. चार दिवसांनी अण्णा परत आले तेव्हा गुरामीच्या छातीखालच्या मिशांसारख्या दोन लांब तारा कुरतडून अर्ध्या झाल्या होत्या आणि गुरामीची जोडी फिल्टरमागे लपली होती. अण्णा ओरडले नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी फिशबोन काढला. इशिकावा नावाच्या जपानी गृहस्थांची ती पद्धत: माशाचा सांगाडा, आणि प्रत्येक काट्यावर एकेक कारण. मशीन: ठीक. मटेरियल: नापास. मेथड: नाही. मॅन: चिरंजीव. हा कागद पंधरा दिवस फ्रिजवर होता.

मग त्यांनी मला टायगर बार्बचा स्वभाव समजावला. हा मासा वाईट नाही. एकटादुकटा ठेवला की मात्र दिसेल त्याला टोचतो, आणि ज्याची झूल लांब त्याला आधी. उपाय एकच, त्याच्या जातीचे आठ-दहा आणायचे. मग ते आपसात भांडतात, मान ठरवतात, दिवसभर त्यातच गुंतलेले असतात आणि बाकीच्यांना विसरतात.

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर ह्यांचं तेच झालं होतं. चाळीस जणांत वाटलं जायचं ते सगळं माझ्या एकटीवर आलं. मीठ जास्त, गाळणी जागेवर नाही, पोळीला गोलाई नाही. शेवटी मीच म्हटलं, जा सोसायटीच्या कमिटीत. तिथं नऊ जण आहेत."

अण्णा टाकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नऊ बरोबर आहे."

टायगर बार्ब आता गॅलरीतल्या टाकीतून माझ्याकडे यायचे आहेत. मला विचारून ठरलेलं नाही. आणखी सहा आणायचे, तेही ठरलंय. तीन फुटी टाकी अण्णांनीच पसंत केली, रेती त्यांनीच सात वेळा धुवायला लावली. पण मासे इतक्यात सोडायचे नाहीत. आधी पाणी पिकलं पाहिजे: रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो, तो खाणारे जंतू रेतीत आणि फिल्टरमध्ये वाढायला हवेत, त्याचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट. चार ते सहा आठवडे. परवा सासूबाई आल्या होत्या. टाकीसमोर बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहेत हो."

आज पस्तिसावा दिवस. टाकीत पाणी आहे, रेती आहे, फिल्टर चालू आहे. मासा एकही नाही. शनिवारी अण्णा पाणी तपासायला येणार आहेत.