दोन प्रकरणे, जेवणानंतर

कुणाच्या घरी दुःखाचा प्रसंग आला की शेजारी पिठलं-भात पाठवतात, नातेवाईक सल्ले पाठवतात आणि आमच्या सिस्टर कादंबरी पाठवतात. तीही अशीतशी नाही. खाकी कव्हर घातलेली, पाठीवर लाल पेन्सिलीने नंबर टाकलेली, आणि आत चिठ्ठी: ‘रोज दोन प्रकरणे, जेवणानंतर. मधली पाने गाळू नयेत. शेवट आधी वाचल्यास हरकत नाही.’

सिस्टरांनी नगरच्या एका मिशन दवाखान्यात उभी हयात काढली. सरकारदरबारी नगरचं अहिल्यानगर झालं, सिस्टर मात्र मेट्रन होऊन निवृत्त झाल्या तरी सिस्टरच राहिल्या. रिक्षावाल्याला एवढं म्हटलं तरी तो पत्ता न विचारता त्यांच्या फाटकाशी आणून सोडतो, कारण त्याच्याही घरातलं कुणीतरी त्यांच्याच हातावर जन्मलेलं असतं. तशा त्या एकट्या नाहीत, ही एक जातकुळीच आहे. मिरजेला, पुण्याला, वसईला, जिथे म्हणून चर्च आणि दवाखाना आहे तिथे अशी एखादी बाई सापडते. फिकट साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, आणि पर्समध्ये बायबल, बाम, खडीसाखर व अर्धी वाचून झालेली इंग्रजी कादंबरी. मुखपृष्ठावर माळरान, त्यावर लांब झग्यातली एक मुलगी, तिची पाठ आपल्याकडे. या पुस्तकांतल्या मुली सहसा तोंड दाखवत नाहीत.

सिस्टरांच्या या नादाला इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाण मांडलं ते १८३१ साली. ‘ज्ञानोदय’ निघालं तेही इथूनच, १८४२ मध्ये. शाळा-दवाखान्यांच्या सामानाबरोबर साहेब लोकांच्या ट्रंकांतून कथा-कादंबऱ्याही आल्या. सिस्टरांच्या आईला एका मड्डमने मायदेशी परतताना ग्रेस लिव्हिंग्स्टन हिलच्या काही कादंबऱ्या देऊन टाकल्या होत्या. या लेखिकेने शंभरावर पुस्तकं लिहिली. गरीब पण सद्गुणी मुलगी, श्रीमंत पण भरकटलेला तरुण, आणि मध्यस्थ म्हणून देव. आईमागे ती पुस्तकं सिस्टरांकडे आली, आणि आता न्यू जर्सीची लेक दर खेपेला अर्धी बॅग भरून नवी आणते. लोकांच्या लेकी बदाम आणि चॉकलेटं आणतात.

पुस्तकं राहतात गोदरेजच्या कपाटात. वरचा कप्पा ‘सौम्य’, मधला ‘मध्यम’, खालचा ‘तीव्र’. खालच्याला वेगळं कुलूप. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर केसपेपर: तारीख, तक्रार, सुधारणा. नावाच्या जागी नुसतं अक्षर, कारण पेशंटची गोष्ट बाहेर जाता कामा नये. मी एकदा सिस्टर चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात चाळलं. ‘तक्रार: सून बोलत नाही. सुधारणा: आता सासूही बोलत नाही, वाचत बसते. घरात शांतता.’ ‘तक्रार: झोप नाही. सुधारणा: नाही. पहाटे चारपर्यंत वाचले.’ ‘तक्रार: सांगितली नाही. पान १७२ ओले.’ पुस्तक परत आलं की सिस्टर आधी पानं उजेडाकडे धरून बघतात. हळदीचा डाग म्हणजे फोडणी टाकता टाकता वाचलं. चहाचा डाग म्हणजे फुरसतीत वाचलं. पान फुगलंय आणि डाग कसलाच नाही, म्हणजे औषध लागू पडलं.

‘सौम्य’ कप्प्यातलं पहिलं औषध १९७९ सालचं: जॅनेट ओक या कॅनेडियन बाईंची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’. अमेरिकेत आज ख्रिस्ती प्रेमकथांचा जो मोठा बाजार आहे, त्याची सुरुवात याच पुस्तकापासून धरतात. नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे निघालेली मार्टी वाटेतच विधवा होते. पोटात मूल, ओळखीचं कुणी नाही. नवऱ्याला पुरून होतं न होतं तोच क्लार्क नावाचा विधुर पुढे येऊन म्हणतो, माझ्या लहान लेकीला आई हवी आहे, लग्न करा. वसंतापर्यंत जमलं नाही तर परतीचं भाडं मी भरतो.

महिला मंडळातल्या ज्या बायकांना इंग्रजी येत नाही त्यांना सिस्टर दर गुरुवारी दुपारी ही गोष्ट तोंडी सांगतात. माझी आईही जाते. तिची एकादशी चुकेल, गुरुवार चुकत नाही.

“तर मार्टीला स्वयंपाक येत नसतो,” सिस्टर सांगतात. “सकाळ-संध्याकाळ एकच पदार्थ. धिरडी.”

“कसल्या पिठाची?” मागून प्रश्न येतो.

“मैद्याची.”

सगळ्याजणी हळहळतात. जो पुरुष दोन्ही वेळा मैद्याची धिरडी खातो आणि ताट सरकवत नाही तो नवरा म्हणून चालेल, असा ठराव तिथल्या तिथे एकमताने होतो. मार्टीला ते कळायला अजून अर्धी कादंबरी बाकी असते. सिस्टरांच्या तोंडून हळूहळू ती प्रेअरीही नगरी होत जाते. विहीर आटते, टँकर येत नाही आणि क्लार्क आभाळाकडे बघून ‘पडंल गं पाऊस’ म्हणतो. मूळ पुस्तकात टँकर नाही, हे मी आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “मग पाणी कुठून आणतात?” बाहत्तरचा दुष्काळ काढलेल्या या बायकांना माळरान समजावून द्यावं लागत नाही. परमुलखातली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचते ती धर्माच्या आधी पाण्याच्या वाटेने.

सिस्टर भाविक आहेत, पण वाचताना त्यांच्यातली नर्स डोळे मिटत नाही. “पहिली बायको बाळंतपणात गेल्याशिवाय यांचं दुसरं प्रकरण सुरू होत नाही,” त्या म्हणतात. “त्या गावात एक धड सुईण असती तर निम्म्या कादंबऱ्या झाल्याच नसत्या.” बाळंतपणाची वेळ आली की कुणीतरी ओरडतं, गरम पाणी आणा. “हंडेच्या हंडे आणतात. त्याचं पुढे करतात काय, ते एकीनेही लिहिलेलं नाही.” नायकाला ताप भरतो. नायिका कपाळावर पट्ट्या ठेवत तीन रात्री जागते. तिसऱ्या पहाटे ताप उतरतो आणि त्याला कळतं की आपलं हिच्यावर प्रेम आहे. “मी जन्मभर पट्ट्या ठेवल्या. शुद्धीवर आला की पेशंट आधी विचारतो, बिल किती झालं.”

या कादंबऱ्यांचं पथ्यपाणी कडक असतं. शिवी नाही, दारूचं कौतुक नाही, आणि लग्नानंतरही झोपायच्या खोलीचं दार लेखिका बाहेरून लावून घेते. हात हातात यायला दोनशे पानं लागतात. सिस्टरांच्या मते हा मोठाच फायदा आहे. “पुस्तक कुठल्याही पानावर उघडं, पालथं टाकून उठावं. अचानक पाळकसाहेब आले तरी धावपळ नाही.”

‘मध्यम’ कप्प्यात आमिश लोकांच्या कथा आहेत. घरात तारेची वीज न घेणारा, घोडागाडीतून फिरणारा हा पंथ. बेव्हर्ली लुईस यांची ‘द शनिंग’ १९९७ साली आली आणि पुढे अशा कादंबऱ्यांची रांगच लागली. गंमत अशी की त्या लिहिणाऱ्या बहुतेक आमिश नव्हेत आणि वाचणाऱ्याही नव्हेत. लेकीने मागे सिस्टरांना पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर काउंटीत फिरवून आणलं. तिथे जॅमच्या बाटल्या विकणाऱ्या एका आमिश बाईला सिस्टरांनी विचारलंच, “तुमच्यावर एवढं लिहितात, तुम्ही वाचता की नाही?” बाई म्हणाली, वेळ कुठे असतो? सिस्टरांना हे उत्तर फार पटलं. “आम्हा नर्सेसवरही सिनेमे निघाले. बघायला रजा कुणी दिली?”

आमच्या गल्लीत मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचा या कपाटावर राग. प्रचारी वाङ्मय, शेवट आधीच ठरलेला, असं त्यांचं मत. एकदा फाटकातच जुंपली.

“प्रचारच वाचायचा तर आपला वाचा की, सिस्टर! मराठीतली पहिली कादंबरी कुणाची? बाबा पदमनजींची. ‘यमुनापर्यटन’, १८५७. विधवांची दुःखं आहेत, शेवटी यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. प्रेम, हाल, दिलासा, सगळं आलं. तुमच्या त्या कॅनडावालीच्या सव्वाशे वर्षं आधी.”

“वाचलीय, सर. औषध बरोबर आहे, गोळी फार मोठी आहे. पात्रं बोलायला लागली की उपदेश संपेपर्यंत मधे घोटभर पाणी पिता येत नाही.”

“बरं, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’?”

“ती माझ्या उशाशी असतात. पण ती खरी आहेत, सर. नवरा ख्रिस्ती झाला, बाई वर्षानुवर्षं एकटी पडली, आणि तरी सांगताना हसते. ते पचायला आधी पेशंटला अन्न जायला लागलं पाहिजे.”

“पण यांचा शेवट ठरलेला असतो, त्याचं काय?”

“वॉर्डात शेवट माझ्या हातात कधीच नव्हता,” सिस्टर म्हणाल्या. “कपाटात तरी असू द्या.”

मी घरी येऊन हे आईला सांगितलं. ती शनिमाहात्म्याची पोथी वाचत होती. मान वर न करता म्हणाली, “विक्रमराजाची साडेसाती सुटणार हे मला माहीत नाही का? तो घाण्यावर बसतो तेव्हा दर वेळी रडू येतंच.”

पुढे सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी खाकी कव्हरातलं पुस्तक त्यांच्या उशाशी जाऊन पडलं. ते परत आलं तेव्हा समासात लाल शाईने इंग्रजी व्याकरणाच्या दुरुस्त्या होत्या, आणि सोबत चिठ्ठी: ‘वाङ्मयीन मूल्य नगण्य. दुसरा भाग असल्यास पाठवावा.’ सिस्टरांनी केसपेपरवर नोंद केली, ‘तक्रार: गुडघा. सुधारणा: स्वभाव.’

राहिला कुलपातला ‘तीव्र’ कप्पा. तिथे फ्रान्सीन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ आहे. प्रेमकथा लिहून नाव कमावलेल्या या बाई ख्रिस्ती श्रद्धेकडे वळल्या आणि १९९१ साली त्यांनी बायबलातली होशेय संदेष्ट्याची कहाणी सोन्याच्या शोधात वेड्या झालेल्या १८५० च्या कॅलिफोर्नियात नेऊन बसवली. लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली एंजल आणि तिच्याशी लग्न करणारा शेतकरी मायकल होझिया. ती पळून जाते, तो परत आणतो. पुन्हा पळते, तो पुन्हा माफ करतो.

एक दिवस वस्तीतली एक तरुण सून डोळ्याखाली काळंनिळं घेऊन आली. नवरा दारू पिऊन मारतो. मला वाटलं, आता खालचं कुलूप उघडणार आणि सहनशीलतेची पुडी मिळणार. कुलूप उघडलं खरं. पण सिस्टर म्हणाल्या, “पोरी, आधी दवाखान्यात चल, कागद करू. मग चौकीत. मग माहेरी. आणि हे पुस्तक तुला नाही, त्याला आहे. यात सोसतो तो नवरा.”

हे ऐकून मी घरी येऊन जरा विचार केला. ज्या १९९१ साली हे पुस्तक आलं त्याच साली आपल्याकडे ‘माहेरची साडी’ लागला होता आणि थेटरात बायका सुनेच्या छळावर ओक्साबोक्शी रडत होत्या. आपल्या गोष्टींत सोसायचं काम बहुधा बाईकडे. त्या कादंबरीने ते गड्याच्या गळ्यात घातलं, एवढ्यावरही तिला अर्धे गुण द्यायला हरकत नाही. काही दिवसांनी मी सिस्टरांना विचारलं, नवऱ्याने वाचलं का?

“त्याला इंग्रजी येत नाही,” त्या म्हणाल्या. “पोलिसांचं मराठी मात्र नीट समजलं.”

सगळीच पुस्तकं कपाटात राहतात असंही नाही. शेवटच्या प्रकरणात एक प्रार्थना झाली की पांगळा उठून धावतो, दिवाळं निघालेल्याला वारसा मिळतो आणि रागावलेला बाप दारात उभा, अशा कादंबऱ्या ‘मुदत संपलेली’ लिहिलेल्या खोक्यात जातात. “चमत्कार देवाला करू द्या, लेखिकेला नको,” हे त्यांचं सूत्र. “जखम तळापासून भरत आली पाहिजे. वरची कातडी चटकन मिटली की आत पू होतो.” समीक्षेचे पुष्कळ ग्रंथ मी चाळले आहेत; बरी कादंबरी ओळखायची याहून सोपी खूण त्यांत मला दिसली नाही.

या कादंबऱ्यांत डावं-उजवं भरपूर आहे, आणि खरं सांगायचं तर डावंच जास्त. पण थोर साहित्य माणसाला आधी उठून बसायला सांगतं. ही पुस्तकं आडवं राहून वाचता येतात. ज्याच्यावर बेतली आहे त्याला तेवढंही पुरतं. तेव्हा मुखपृष्ठावरचं माळरान बघून कुणाला हसू नका. आणि सिस्टरांकडून पुस्तक आणलंत तर दिलेल्या तारखेला परत करा. बाहेरच्या बाकावर पुढचा नंबर थांबलेला असतो.