काटकसरीचा कॉम्प्युटर

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला रामराम ठोकला आणि आमच्या कॉम्प्युटरवर संक्रांत आली. त्यातला प्रोसेसर २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज ११ ला आठवी पिढी लागते. हल्ली सोयरीक जुळवतानासुद्धा कुणी इतक्या पिढ्या मोजत नाही.

"नवा घेऊन टाका," बायको म्हणाली. इतक्या सरळ सल्ल्याने माझा नेहमीच अपमान होतो. प्रोसेसर आणि मदरबोर्ड तेवढे नवे, बाकी सगळं जुनंच वापरायचं, असं मी जाहीर केलं आणि वहीत 'बचत' नावाचा रकानाही आखला.

लॅमिंग्टन रोडवरून (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवाला आपल्यालाच पत्ता विचारतो) रायझन आणि एएम-फाइव्हचा बोर्ड घेतला. "काका, रॅम?" दुकानदाराने विचारलं. "आहे घरी," मी म्हटलं. तो काही बोलला नाही. मी परत येणार हे त्याला तेव्हाच कळलं असणार.

घरची रॅम डीडीआर-थ्री, पिना २४०. नव्या स्लॉटला २८८ पिनांची डीडीआर-फाइव्हच लागते. रॅमच्या कडेला एक खाच असते आणि ती स्लॉटमधल्या उंचवट्यावर बसावी लागते. मी रॅम सुलटी धरली, उलटी धरली, अंगठ्याने दाबली, फुंकर मारली. खाच काही सरकेना. पुन्हा लॅमिंग्टन. नेमके त्याच सुमारास एआयच्या डेटा सेंटरांपायी रॅमचे भाव कडाडलेले. सराफाच्या दुकानात निदान बसायला खुर्ची तरी देतात.

हार्ड डिस्कवरची जुन्या पद्धतीची विंडोज या बोर्डावर सुरू होणार नाही, असं मुलगा म्हणाला. म्हणून एसएसडी आली. मॉनिटरला निळी व्हीजीए वायर आणि बोर्डाला फक्त एचडीएमआय. म्हणून कन्व्हर्टर आला. कॅबिनेटने मात्र लाज राखली. एटीएक्सची मापं १९९५ पासून तीच, त्यामुळे नव्या बोर्डाची भोकं जुन्या स्क्रूंवर अचूक बसली. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. कुणी आलं नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले, स्क्रीन काळा. मिनिटभर थांबून मी बंद केलं, पुन्हा चालू केलं. काळाच. संशय कन्व्हर्टरवर गेला, म्हणून नवा मॉनिटर आणला. काळा. मग एसएमपीएसवर गेला. बोर्डाला आठ पिनांचं सॉकेट आणि त्या बिचाऱ्याकडे चारच पिना. नवा एसएमपीएस आणला. काळाच, फक्त आता जास्त वॅटचा काळा.

शेवटी दुकानदाराला फोन.

"किती वेळ वाट बघता, काका?"

"चांगलं मिनिटभर."

"डीडीआर-फाइव्ह आहे. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात. तुम्ही मध्येच बंद केलं की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. हात लावू नका. चहा घ्या."

चहा संपायच्या आत स्क्रीन उजळला. म्हणजे मॉनिटर निर्दोष, एसएमपीएसही निर्दोष. जुन्या एसएमपीएसवर भरवसा ठेवायचाच नसतो, अशी मी बायकोची समजूत घातली. तिने 'बचत'चा रकाना वाचायला मागितला. तो मी अजून शोधतोय.

पण हिशेबाची दुसरी बाजू कुणी बघतच नाही. जुना मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस, मॉनिटर, सगळं टेबलाखाली धडधाकट पडलंय. एक अख्खा कॉम्प्युटर जवळजवळ फुकटात तयार आहे. अडलंय ते फक्त कॅबिनेटवाचून, आणि कॅबिनेटला असे कितीसे पैसे पडतात?