मामाचा आडोसा

लास वेगासच्या कॅसिनोत शोधून घड्याळ सापडत नाही. कोणालाही वेळेचं भान राहू नये अशी चोख व्यवस्था केलेल्या त्या जागी आमचा कॅलिफोर्नियातला भाचा मात्र वेळ कसा काढावा या विवंचनेत असतो. तो ब्लॅकजॅकचे पत्ते मोजतो.

विद्या ऐकायला थरारक आहे. दुर्री ते छक्कीपैकी पान पडलं की मनात एक मिळवायचा, दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की एक वजा. सत्ती, अठ्ठी, नव्वीला कोणी विचारत नाही. बेरीज चढली म्हणजे पत्ते ठेवलेल्या पेटीत मोठी पानं उरलीत. तेव्हा पैसे वाढवायचे. मोजणारा कॅसिनोवर मात करू शकतो, हे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ साली पुस्तक लिहून जगजाहीर केलं. पण सहा कॅटच्या पेटीत ३१२ पानं असतात आणि पुष्कळ पेट्या शेवटपर्यंत भाकडच निघतात. अशा पेटीवर पैसे घालवण्यापेक्षा टेबलामागे उभं राहून नुसतं मोजावं आणि बेरीज चढली की खुर्ची ओढावी, याला वाँगिंग म्हणतात. स्टॅनफर्ड वाँग हे एका लेखकाचं टोपणनाव, त्यावरून.

आता, तरणाताठा मुलगा पैसे न लावता टेबलाकडे टक लावून उभा राहिला, तर टेबलांवर नजर ठेवणाऱ्या पिट बॉसच्या भुवया वर जाणारच. मनातल्या मनात मोजणं हा नेवाडात गुन्हा नाही, पण नकोशा पाहुण्याला कॅसिनो खुशाल वाट दाखवू शकतो. (न्यू जर्सीत केन अस्टन नावाचा पत्ते मोजणारा यावर कोर्टात भांडला आणि १९८२ साली जिंकलाही, वेगासला त्याचं काय?) म्हणून भाच्याने मला नेलं. मामाला खेळ समजावून सांगणाऱ्या भाच्यावर कोण संशय घेणार?

"मामा, हे बघ, एकवीसच्या वर गेलं की मेलं," तो सांगायचा. मी "अस्सं!" म्हणायचो. पुढच्या टेबलाशी पुन्हा एकवीस, पुन्हा अस्सं. बँकेत उभी हयात गेल्यामुळे तेच तेच ऐकून दरवेळी नवलाचा चेहरा करणं मला जड गेलं नाही. मधूनच त्याचं बोलणं थांबायचं, नजर पानांवरून सरकायची, आणि माझ्या खांद्यावरचा हात किंचित दाबला जायचा. म्हणजे गप्प बस, बेरीज चढतेय.

मग तो बसायचा, चार डाव खेळायचा आणि बेरीज घसरताच पोट धरून उठायचा. पडत्या पेटीतून निसटायला बाथरूम हा सर्वमान्य बहाणा. कधी कोणाचाही न आलेला फोन. त्या रात्री भाच्याला लघवी निव्वळ गणिताने लागत होती. पिट बॉसने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मीही मान हलवून मधुमेहाचा भास निर्माण केला.

एवढ्या खटपटीनंतर, चांगल्या पेटीतसुद्धा शंभर डॉलरमागे सरासरी फायदा एक-दीड डॉलर. तोही आज मिळेलच असं नाही.

आता पुष्कळ टेबलांवर पानं अखंड पिसणारं यंत्र असतं. पडलेलं पान लगेच परत आत, मोजायला काही उरतच नाही. वेगासला गेलात आणि खेळायचंच असेल, तर पैसे जातील हे धरून खुशाल तिथे बसा. तिथून बाथरूमला उठणाऱ्याला निदान खरोखर लागलेली असते.