तेरावी व्हीलचेअर

वृद्धाश्रमाचा हिशेब आणि कारभार गळ्यात पडला, तेव्हा कळलं की दातृत्वालाही हंगाम असतो. पितृपक्षात खिरीचा पूर. गेल्या सर्वपित्रीला तीन पातेली आली; चाळीस आजी-आजोबांत बावीस मधुमेही. पितर तृप्त झाले, इन्सुलिनचं बिल आम्ही भरलं. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठांच्या दिवशी, शाली. शाल, फोटो, आणि लगेच एका आजींचं, "आता पंखा लावा गं कुणीतरी!"

एरवी मग व्हीलचेअर. बारा झाल्या, चालवायला मावश्या दोन. पण व्हीलचेअरच्या पाठीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' रंगवता येतं. डायपरवर कुठे रंगवणार?

आणि हे सगळं वहीत चढवणारा मी? मी 'प्रशासकीय खर्च'. परदेशी देणगीतून असा खर्च पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, २०२० च्या कायदादुरुस्तीने तो २० वर आणला. म्हणजे हिशेब चोख हवा, हिशेबनीस मात्र शक्यतो हवेवर जगणारा.

परवा एक गृहस्थ नोटांची गड्डी घेऊन आले. "पगाराबिगारात घालू नका हं. थेट म्हाताऱ्यांपर्यंत पोचले पाहिजेत. आणि ८०जीची पावती आत्ताच द्या."

"काका, २००० च्या वर रोखीला करात वजावट मिळत नाही. चेक देता?"

गड्डी खिशात परत गेली.

"राहू द्या. व्हीलचेअरच पाठवतो."

वस्तूलाही वजावट नसते, हे मी त्यांना सांगितलं नाही.